संगणकाशेजारची वही

नवे पाठ्यपुस्तक आले की त्याची चर्चा होते. धडा कठीण आहे, आकृती चुकली आहे, स्वाध्याय फार झाले, असे आपण हक्काने म्हणतो. प्रयोगशाळेसाठी आलेला तराजू नीट दाखवत नसेल, तर तो परत पाठवण्याची भाषा करतो. शाळेच्या कार्यालयातील संगणकावर जे सॉफ्टवेअर येते, त्याचे असे परीक्षण मात्र कोणी करत नाही. खरे तर मुख्याध्यापकांचे आणि लेखनिकांचे वर्षभरात जेवढे तास त्याच्यासमोर जातात, तेवढे एखाद्या पाठ्यपुस्तकासमोरही जात नसतील. काम अडले की आपण म्हणतो, "मला संगणक जमत नाही." तराजू चुकला तर दोष तराजूचा, आणि सॉफ्टवेअर अडले तर दोष आपला! दोषाची ही वाटणी कितपत बरोबर आहे, हे आम्हाला येथे तपासायचे आहे.

शाळेच्या कार्यालयात आज जी कामे पडद्यावर होतात, त्यांचा इतिहास फार जुना नाही. शाळांची वार्षिक माहिती गोळा करणारी 'डायस' पद्धत १९९० च्या दशकात आली. २०१२–१३ पासून ती 'यू-डायस' झाली. शाळेने कागदी प्रपत्र भरायचे आणि ते संगणकात चढवण्याचे काम वरच्या पातळीवर व्हायचे, अशी बरीच वर्षे रीत होती. २०१५ मध्ये राज्य शासनाने 'सरल' ही प्रणाली आणली. २०१८–१९ मध्ये 'यू-डायस प्लस' आले आणि तीही माहिती थेट ऑनलाइन भरायची झाली. म्हणजे बदल केवळ कागदाकडून पडद्याकडे झाला नाही. जे काम एका जागी बसून सरावलेली माणसे करत होती, ते हजारो शाळांतील न सरावलेल्या माणसांकडे आले. वर्षातून एकदाच उघडायचा फॉर्म कोणाच्याही हातात बसत नाही. तो आखणाऱ्याने हे गृहीत धरायला हवे.

चांगले सॉफ्टवेअर कशाला म्हणावे याची एक व्याख्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्ये दिली आहे. मानक क्रमांक ९२४१, भाग ११. ठरावीक माणसाला, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम पुरे करता आले पाहिजे, फार शक्ती खर्च न होता करता आले पाहिजे आणि ते करताना त्याला समाधान वाटले पाहिजे, असा तिचा आशय. यातला 'ठरावीक' हा शब्द आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वातानुकूलित खोलीत, वेगवान जोडणीवर, स्वतः बनवलेली आज्ञावली चालवून पाहणाऱ्याला जे सोपे वाटते, ते सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत, दोन तासिकांच्या मधल्या दहा मिनिटांत, मोबाइलच्या जोडणीवर सोपे असेलच असे नाही.

मग वापरणाऱ्याला काय वाटते हे कळावे कसे? त्याला विचारून फारसे कळत नाही. प्रशिक्षणाच्या शेवटी "प्रणाली कशी वाटली?" असे विचारले तर समोर अधिकारी बसलेले असताना कोणीही "छान आहे" असेच म्हणणार. आम्ही दुसरा मार्ग सुचवू. कोणत्याही कार्यालयात जावे आणि संगणकाशेजारी ठेवलेली वही उघडून पाहावी.

ही वही बहुतेक ठिकाणी असते. पाठपोट लिहिलेली, कोपरे दुमडलेली. पहिल्या पानावर पासवर्ड असतात, ही झाली सुरक्षिततेची गत. पुढे कामाच्या नोंदी. आमच्या पाहण्यातल्या वह्यांत अशी वाक्ये होती: "आधी वर्ग भरावा, मग तुकडी. उलट केल्यास सर्व पुसते." "जन्मतारीख टाइप करू नये, कॅलेंडरातूनच निवडावी." "सेव्ह केल्यावर बाहेर पडून पुन्हा आत येऊन पाहावे." "रात्री अकरानंतर लवकर उघडते." एका वहीत शेवटच्या सूचनेखाली दोनदा रेघ मारली होती.

आमच्या मते त्या सॉफ्टवेअरचे सर्वांत प्रामाणिक परीक्षण हेच. डोनल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने रोजच्या वापरातील वस्तूंवर १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात तो ज्ञानाच्या दोन जागा सांगतो: काही ज्ञान डोक्यात ठेवावे लागते, तर काही वस्तूवरच दिसते. कात्रीला बोटे कुठे घालायची हे पाठ करावे लागत नाही; भोकेच ते सांगतात. 'आधी वर्ग, मग तुकडी' हा क्रम पडद्याने दाखवला असता (वर्ग निवडेपर्यंत तुकडीचा रकाना झाकून ठेवला असता), तर ते वाक्य वहीत आलेच नसते. वहीतली प्रत्येक ओळ म्हणजे आखणी करणाऱ्याने न केलेले आणि वापरणाऱ्याने स्वतः पुरे केलेले काम आहे. नॉर्मनने आणखी एक गोष्ट नोंदवली: वस्तू वाईट आखलेली असली तरी माणसे दोष स्वतःलाच देतात, आणि प्रत्येकाला वाटते की ही चूक फक्त आपल्याच हातून होते. म्हणून तक्रार वर जातच नाही.

"सेव्ह केल्यावर बाहेर पडून पुन्हा पाहावे" या ओळीमागे थोडे विज्ञान आहे. कळ दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत काही घडले तर माणसाला ते तत्काळ वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांहून जास्त वेळ गेला की लक्ष दुसरीकडे जाते. वापरसुलभतेच्या अभ्यासात या मर्यादा गेली काही दशके मानल्या जातात. पडदा मिनिटभर गप्प राहिला तर माणूस पुन्हा कळ दाबतो आणि कधी कधी एकाच मुलाची नोंद दोनदा होते. जोडणी मंद असेल तर तिला इलाज नसेल. पण "माहिती पोचली आहे, थांबा" एवढी ओळ दाखवायला वेगवान जोडणी लागत नाही.

आता सोलापूरकडे येऊ. येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. पूर्व भागात पद्मशाली समाजाची तेलुगू बोलणारी घरे, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात मोठ्या संख्येने उर्दू. या शहरात मुलाचे नाव लिहिणे हेच एक शास्त्र आहे. आपल्या जनरल रजिस्टरात परंपरेने आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर बहुधा मुलाचे नाव पहिले. मुस्लिम कुटुंबांत 'शेख' किंवा 'सय्यद' नावाच्या आधी येते. त्याला आडनावाच्या चौकोनात ढकलावे की नाही? काही घरांत आडनाव लावण्याची पद्धतच नाही, आणि फॉर्मवर त्या चौकोनाशेजारी लाल चांदणी असते: भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मग कोणी टिंब देते, कोणी वडिलांचेच नाव पुन्हा लिहिते.

त्यावर लिप्यंतराची भर. तेलुगू घरातला वेंकटेश मराठी शाळेत व्यंकटेश होतो. लक्ष्मीतला 'क्ष' रोमन लिपीत कोणी 'एक्स'ने लिहितो, कोणी 'के-एस-एच'ने. आपल्याला या दोन्ही लक्ष्म्या एकच आहेत हे बघताक्षणी कळते. संगणकाला कळत नाही, कारण तो नाव वाचत नाही. अक्षरांच्या दोन माळा शेजारी ठेवून एकेक मणी ताडून पाहतो. एक मणी वेगळा निघाला की उत्तर 'जुळत नाही'.

येथे बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, यंत्रच ते, त्याला काय कळणार? हे मात्र खरे नाही. सारख्या उच्चाराची नावे वेगवेगळी लिहिली जातात हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. रॉबर्ट रसेल या अमेरिकी गृहस्थाने १९१८ मध्ये त्यावर 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे रूढ झालेल्या रूपात ती अशी: नावाचे पहिले रोमन अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. एका गटातली अक्षरे लागोपाठ आली तर अंक एकदाच. 'के', 'एस', 'एक्स' हे २ च्या गटात, 'एम' व 'एन' ५ च्या. आपली लक्ष्मी दोन्ही प्रकारे लिहून पाहा: दोन्ही वेळा एल-२५० येते. वेंकटेश आणि व्यंकटेश दोघेही व्ही-५२३. वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगी गंमत आहे ही! ही पद्धत निर्दोष नाही. ती इंग्रजी उच्चारांसाठी बनली आणि कधी कधी भलत्याच दोन नावांची जोडी लावते. पण तेवढ्यासाठीच माणूस असतो. 'ही दोन नावे एकाच मुलाची दिसतात, बरोबर ना?' असे विचारून निर्णय शिक्षकावर सोपवता येतो. तेव्हा 'नाव जुळत नाही' ही यंत्राची मर्यादा नसून आखणी करणाऱ्याने घेतलेला निर्णय आहे.

या निर्णयाची किंमत लहान नाही. २०२२–२३ च्या संचमान्यतेच्या वेळी आधारशी जुळलेल्या विद्यार्थ्यांचीच संख्या धरण्याचा मुद्दा राज्यभर गाजला होता. संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात. एक 'एक्स' इकडचा तिकडे झाला तर वर्गात बसलेले मूल कागदावर बसत नाही, आणि अशी काही मुले झाली की वर्गासमोर उभा असलेला शिक्षकही कागदावरून जातो. चार भाषांच्या शहरात ही जोखीम एका भाषेच्या गावापेक्षा उघडच जास्त.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एवढी कडक तपासणी आली ती उगाच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली आणि प्रत्यक्षात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीस आली. शासनाने त्यानंतर माहितीवर पहारा बसवावा यात गैर काही नाही. पण पहाऱ्यासाठी बांधलेली वस्तू आणि कामासाठी बांधलेली वस्तू यांत फरक असतो, आणि वापरणाऱ्याला तो पहिल्या दिवशीच जाणवतो. प्रत्येक पायरीवर 'तुम्ही खरे बोलता कशावरून?' असे विचारणारा पडदा कितीही सुबक रंगांत रंगवला तरी शिक्षकाला तो आपला वाटत नाही.

सुबकतेचा उल्लेख आलाच आहे तर एक प्रयोग सांगून टाकू. मासाकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये पैसे देणाऱ्या यंत्राच्या पडद्यांच्या २६ मांडण्या लोकांना दाखवल्या. ज्या मांडण्या दिसायला सुंदर होत्या, त्या वापरायलाही सोप्या असतील असे लोकांनी मानले. पाहताना जे सोपे वाटते ते वापरताना सोपे असतेच असे नाही. उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवरच्या पडद्यावर सॉफ्टवेअर पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

सर्वांत बोचरे उदाहरण उसाच्या फडातले आहे. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात, त्यांबरोबर मुले येतात. मार्चच्या सुमारास सगळे परत. अशा मुलाला जवळच्या शाळेत बसवायचे तर कायदा पूर्णपणे शिक्षकाच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला या कारणाने प्रवेश लांबवता वा नाकारता येणार नाही. आता सॉफ्टवेअर काय म्हणते ते पाहा. अशा प्रणालींत सहसा नव्या शाळेने मागणी टाकायची आणि जुन्या शाळेने ती मान्य केल्यावरच मुलाची नोंद इकडे यायची, अशी रचना असते. जुन्या शाळेने कळ दाबली नाही तर मूल वर्गात आहे, पण पडद्यावर नाही. जुन्या शाळेनेही का दाबावी? मूल चार महिन्यांनी परतणार आहे, आणि मधल्या काळात तिचा पट कमी होणार आहे.

दोष कळ न दाबणाऱ्याचा नाही. माहितीच्या साठ्याची रचना करताना 'एक मूल, एका वेळी, एक शाळा' असे धरले गेले. 'आठ महिने घरच्या शाळेत, चार महिने पाहुणा' असा प्रकार असू शकतो हे आखणीत आलेच नाही. कायद्याने जे दार उघडे ठेवले ते एका रकान्याने बंद केले, आणि त्या रकान्यावर ना विधानसभेत चर्चा झाली, ना शिक्षकांना कोणी विचारले. गंमत अशी की, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात कागदी 'शिक्षण हमी पत्रक' आहे. मुलाच्या हाती एक पत्रक द्यायचे, ते दाखवून त्याने जेथे जाईल तेथे वर्गात बसायचे. आखणी म्हणून पाहिले तर ही कागदाची साधी वस्तू सरस ठरते, कारण ती मुलाबरोबर चालते.

माणसे एखादे सॉफ्टवेअर मनापासून का वापरतात, यावर फ्रेड डेव्हिस यांचा १९८९ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. सोपेपणापेक्षा उपयुक्ततेचा वापराशी जास्त घट्ट संबंध आहे, असे त्यांना आढळले. थोडा त्रास झाला तरी माणूस सोसतो. पण 'माझ्या कामाला याचा उपयोग होतो' असे त्याला वाटले पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी जोनाथन ग्रुडिन यांनी कार्यालयातील सॉफ्टवेअर का फसते याचे एक कारण दाखवले होते: माहिती भरण्याचे कष्ट एकाचे, आणि तिचा लाभ दुसऱ्याचा. शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पगारबिलांच्या 'शालार्थ'चेच पाहा. तिचा पडदा काही देखणा म्हणता येणार नाही, पण तिच्याविषयीची नाराजी आम्हाला तुलनेने कमी ऐकू आली, कारण महिन्याच्या शेवटी भरणाऱ्याच्याच हातात काहीतरी पडते. जानेवारी २०१८ मध्ये ती बंद पडली आणि कित्येक महिने पगार ऑफलाइन करावे लागले, तेव्हा ती असण्याचे मोल सर्वांना कळले. पटाची, शौचालयांची, संगणकांची माहिती भरणाऱ्याला मात्र परत काय मिळते? आपल्या शाळेचा पाच वर्षांचा आलेख एका कळीवर मिळाला, दाखला त्याच माहितीतून आपोआप छापून निघाला, तीच माहिती तिसऱ्यांदा मागितली गेली नाही, तर हाच शिक्षक त्याच पडद्याला चांगला म्हणेल.

चुकीचा संदेश कसा असावा, हे शिकायला सोलापूरकरांना परदेशी जावे लागत नाही. चादरीच्या मागावरचे जकार्ड पाहावे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झालेल्या या यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी; कोणते उभे धागे उचलायचे ते भोके सांगतात. आज्ञावलीची ही पूर्वजच. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी कल्पना येथूनच घेतली. आता पुठ्ठ्यात एक भोक चुकले तर काय होते? नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच फेरीत, त्याच धाग्यावर चूक दिसते. विणकराला पुठ्ठ्याचे शास्त्र ठाऊक नसले तरी कुठे पाहायचे ते कापडच दाखवते. याउलट आमच्या पडद्यावर येते: "अवैध माहिती." चाळीस रकान्यांपैकी कोणता, का, आणि काय लिहिले तर चालेल, यातले काहीच नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा माग याहून अधिक बोलका होता असे म्हणावे लागते.

वापरणाऱ्यानेच साधन घडवले तर काय होते, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, स्वाध्याय मिळतो. काही मुलांची घरची भाषा कन्नड होती, त्यांचाही विचार त्यात होता. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामासाठी, आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे फक्त आखणी पाहायची आहे. मुलाच्या हातात आधीपासून असलेली वस्तू म्हणजे पुस्तक, तीच कायम ठेवली. टाइप काही करायचे नाही, पासवर्ड नाही, आणि जे हवे ते त्या धड्याच्याच पानावर. वहीत लिहून ठेवावे असे यात काही उरत नाही. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले. ज्या घरात मोबाइल नाही किंवा तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, तेथे ही युक्ती लंगडी पडते, हेही सांगितले पाहिजे. एका शाळेतल्या मुलांची घरे त्यांच्या शिक्षकाला ठाऊक असतात. राज्यभराची कोणालाच नसतात.

प्रत्येक शिक्षकाने आज्ञावली लिहावी असे आम्ही म्हणत नाही. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियात 'युटोपिया' नावाचा एक प्रकल्प झाला. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत संगणक येऊ घातले होते. तेथील छपाई कामगारांच्या संघटना आणि संशोधक एकत्र बसले. यंत्रे तयार व्हायच्या आधीच त्यांनी लाकडाचे आणि पुठ्ठ्याचे नमुने केले. एका रिकाम्या खोक्यावर 'लेसर प्रिंटर' असे लिहून ठेवले आणि त्यांच्यासमोर पानाची जुळणी करून पाहिली. कुठे हात अडतो, काय दिसत नाही, ते जुळाऱ्यांनीच सांगितले. खर्च पुठ्ठ्याचा. आपल्याकडे नवी प्रणाली राज्यभर सुरू होते, मग प्रशिक्षण होते, मग दुरुस्त्या होतात आणि मग नवी प्रणाली येते. पाचेक वापरणाऱ्यांना शांतपणे पाहिले तरी मोठे दोष बहुतेक दिसून येतात, असे जेकब नीलसन यांचे म्हणणे आहे. सोलापुरात मात्र प्रत्येक माध्यमाचे पाच घ्यावेत आणि त्यांत एखादी हंगामी स्थलांतराच्या पट्ट्यातली शाळा असावी.

तोवर एक निरीक्षण कोणत्याही शाळेत करता येईल. सहकाऱ्याला एक खरे काम द्यावे. समजा, नव्या मुलाची नोंद. आपण मागे घड्याळ आणि कागद घेऊन बसावे. मदत करायची नाही, हसायचे नाही, "तिथे नाही, खाली" असेही म्हणायचे नाही. तो किती वेळा मागे गेला, कोणत्या संदेशावर थबकला, काय पुटपुटला हे लिहावे. काम संपल्यावर "चूक कोणाची झाली?" असे विचारून त्याचे उत्तरही टिपावे. आणि मध्येच त्याने वही उघडली, तर पडद्यावर त्या क्षणी काय होते ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे.